कुत्र्या-मांजरांचे दात दवाखान्यात साफ करून घेताना

टिप्या सात वर्षांचा होईपर्यंत त्याच्या तोंडाच्या वासाची घरात सगळ्यांना सवय होऊन गेली होती. पाहुणे तोंड फिरवायचे तेव्हा आई म्हणायची, "कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच. ते काय वेलदोडे चघळतंय?" मग एकदा केस कापायला नेलं त्या पार्लरमध्ये 'भूल न देता दात स्वच्छ, अर्ध्या तासात' असा फलक दिसला आणि मी हुरळले. दोघांनी टिप्याला टॉवेलात गुंडाळून धरलं, तिसऱ्याने लोखंडी हत्याराने दातांवरचा तपकिरी थर टकाटक उडवला. घरी आणला तेव्हा दात नव्या कपबशीसारखे पांढरे. आठ महिन्यांनी त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली. मला वाटलं गांधीलमाशी चावली. ते वरच्या दाढेच्या मुळाशी साठलेलं पू होतं. दाढ वरून पांढरीशुभ्र, हिरडीखाली सडलेली.

त्यानंतर टिप्याचे दात दवाखान्यात रीतसर साफ करून घेतले, दीड वर्षाने पुन्हा एकदा घेतले, आणि शेजारच्या काकूंच्या मनीच्या वेळीही सोबत गेले. मी डॉक्टर नाही. पण या तीन खेपांत जे पाहिलं, विचारलं, आणि जे आधी विचारायला हवं होतं, ते सगळं इथे क्रमाने मांडते.

वास येतो कुठून

जेवणानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. तेव्हा ब्रश फिरवला तर तो निघतो. राहू दिला तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि दोन-तीन दिवसांत त्याचा दगड होतो. जुनी माणसं त्याला कीटण म्हणतात, डॉक्टर टार्टर. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याच्या दातांना आपल्याइतकी कीड लागत नाही, पण कीटण भराभर चढतं.

कीटण दिसतं, म्हणून सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. उपद्व्याप मात्र हिरडीच्या आत चाललेला असतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी कुत्र्यात ती फार तर ३ मिलिमीटर खोल, मांजरात जेमतेम १. जंतू तिथे उतरले की हिरडी सुजते. इथवर असेल तर साफ केल्यावर हिरडी पूर्ववत होते. त्यापुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत नुसती हिरडीची सूज. दुसरीत दाताचा पाव भागापर्यंतचा आधार गेलेला, तिसरीत निम्म्यापर्यंत, चौथीत निम्म्याहून जास्त. तीन वर्षांच्या पुढच्या बहुतेक कुत्र्या-मांजरांत यातलं थोडंफार सापडतंच.

लहान जातींत हे लवकर होतं, त्याचं कारण साधं आहे. कुत्रा लॅब्राडॉर असो की पॉमेरेनियन, दात बेचाळीसच. पॉमेरेनियन, पग, शिट्झू यांच्या एवढ्याशा जबड्यात ते बेचाळीस दात गर्दीच्या लोकलसारखे उभे असतात, काही तर चक्क आडवे. फटीत अडकलेलं निघत नाही. (मांजराला तीस दात. त्यांची दुखणी थोडी वेगळी, ती पुढे सांगते.)

पार्लरवाल्याने काय केलं ते आता लक्षात येईल. दिसणारं कीटण उडवलं, खाचेतलं तसंच ठेवलं. वर दातावर हत्याराचे ओरखडे पडले, आणि खडबडीत दातावर नवा थर आणखी लवकर धरतो. जागं जनावर हिरडीखाली हत्यार घालूच देत नाही, आणि का द्यावं? अमेरिकन व्हेटरिनरी डेंटल कॉलेज आणि लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना डब्ल्यूएसएव्हीए, दोघांनीही भुलेविना दात साफ करण्याच्या विरोधात स्पष्ट भूमिका घेतली आहे.

आधी घरी ओठ उचला

तोंड उघडायचा हट्ट नको, चावा बसेल. प्राणी पेंगत असताना एका बाजूचा ओठ वर करा आणि मागच्या वरच्या दाढा बघा. सगळ्यात जास्त कीटण तिथेच असतं, लाळेच्या ग्रंथी तिथे उघडतात म्हणून. दात-हिरडीच्या सांध्यावर लाल रेघ आहे का? हिरडी दातावर फुगून आली आहे की उलट खाली सरकून मूळ उघडं पडलं आहे? एखादा दात राखाडी-जांभळा दिसतो का, टोक उडालेलं आहे का?

बाकीच्या खुणा वागण्यात दिसतात. एकाच बाजूने चावणं, घास तोंडातून पडणं, गालिच्यावर तोंड घासणं, खेळण्यावर रक्ताचा डाग. एकाच नाकपुडीतून पाणी वा रक्त येऊन वारंवार शिंका येत असतील तर नाकाचं औषध देत बसू नका. वरच्या सुळ्याच्या मुळातून नाकात भोक पडलेलं असू शकतं. मनी वाडग्यापर्यंत यायची, एक घास घ्यायची आणि जबडा थरथरवत फिस्स करून पळायची. काकूंना वाटायचं, हिचे नखरे.

"पण जेवतोय की व्यवस्थित" हे मी स्वतःलाच कितीदा तरी सांगितलं. दुखत असलं तरी जनावर जेवतं. सूज येईपर्यंत टिप्याने एक पोळी सोडली नव्हती.

पिल्लू असेल तर सहा-सात महिन्यांचं झाल्यावर बघा, दुधाचा सुळा पडला का. पॉमेरेनियनसारख्या जातींत तो हटून बसतो आणि एकाच जागी दोन सुळे दिसतात. नसबंदीसाठी भूल देणारच असतील तर त्याच वेळी तो काढून घेता येतो.

दवाखाना ठरवताना

पहिली गोष्ट, समोरचा माणूस पशुवैद्य आहे ना. बी.व्ही.एससी. अँड ए.एच. ही पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी, एवढं विचारण्यात लाजायचं कारण नाही. त्यानंतर माझे ठरलेले प्रश्न असे:

भूल गॅसवर देता की नुसत्या इंजेक्शनवर? श्वासनलिकेत नळी घालता का? हा दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दात साफ करायचं यंत्र काम करताना पाण्याचा फवारा सोडतं. ते पाणी, त्यात उडालेलं कीटण आणि जंतू असं सगळं घशाकडे जातं. बाजूने फुगा फुगवून घट्ट बसवलेली नळी नसेल तर ते फुप्फुसात उतरू शकतं. "छोटंसंच काम आहे, नळी कशाला" असं उत्तर आलं की मी दुसरा दवाखाना बघते.

दात साफ करणारा एक आणि भुलेवर लक्ष ठेवणारा वेगळा, असे दोघे आहेत का? मॉनिटरवर काय काय दिसतं? ऑक्सिजन, हृदयाची लय, रक्तदाब, तापमान एवढं तरी हवं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र असेल तर फारच छान. शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण बसतं?

दातांचा एक्स-रे निघतो का? दाताचा जवळपास अर्धा भाग हिरडी आणि हाडाखाली असतो, तो एक्स-रेशिवाय दिसत नाही. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत तोंडात ठेवायची छोटी एक्स-रे पट्टी नसते. त्यामुळे नुसत्या सफाईसाठी मी यावर अडून बसणार नाही, पण दात काढायचा असेल किंवा मांजर असेल तर अडून बसेन.

आणि पैसे. दोन आकडे लेखी मागा: फक्त सफाईचा, आणि दात काढावे लागले तर वरची मर्यादा किती. रक्ततपासणी, भूल, एक्स-रे, औषधं यात धरली आहेत की वेगळी, तेही तेव्हाच विचारा. आत किती दात कामातून गेलेत हे भूल दिल्याशिवाय कळत नाही, म्हणून डॉक्टरही एकच आकडा छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. खासगी खर्च झेपत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: मुंबईत परळचं, १८८६ पासूनचं, शिवाय नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर. आधी फोन करून दातांचं यंत्र आणि गॅसची भूल सध्या चालू आहे का ते विचारून मगच गाडी काढा.

भुलेची भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटली. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात शंभराहून जास्त दवाखान्यांतल्या कुत्र्या-मांजरांची मोठी पाहणी झाली. भूल वा गुंगी दिलेल्या निरोगी कुत्र्यांत मृत्यूचं प्रमाण साधारण ०.०५ टक्के म्हणजे दोन हजारांत एक निघालं, निरोगी मांजरांत ०.११ टक्के. आजारी जनावरांत ते कितीतरी पटींनी जास्त. आणि दगावलेल्यांपैकी कुत्र्यांत जवळपास निम्मी, मांजरांत त्याहून जास्त, काम आटोपल्यानंतर शुद्धीवर येण्याच्या काळात गेली. शेवटी जवळ कोण बसतं हा प्रश्न मी विचारते तो यासाठीच. निरोगी आणि आजारी यातला फरक आधी ओळखणं, हे पुढच्या पायरीचं काम.

रक्त, हृदय आणि गोचीड

तपासणीत रक्ताची पूर्ण मोजणी, यकृत, मूत्रपिंड, साखर एवढं असतंच. वय झालेलं असेल, किंवा स्टेथोस्कोपवर हृदयाचा वेगळा आवाज ऐकू आला, तर ईसीजी आणि टूडी इको सांगतील. छोट्या जातींत उतारवयात हृदयाची झडप सैल होणं नेहमीचं आहे. तेव्हा ही तपासणी उगाच लावलेली नसते. म्हातारपण स्वतः काही आजार नाही. "बारा वर्षांचा आहे, आता भूल नको" हे अहवाल बघून डॉक्टरांनी म्हणावं, आपण आधीच म्हणून मोकळं होऊ नये.

आपल्याकडे एक गोष्ट विशेष बघावी लागते. गोचीड. गोचिडीतून होणाऱ्या एर्लिकियाच्या तापात प्लेटलेट उतरतात, आणि प्लेटलेट उतरलेल्या जनावराच्या हिरडीला हात लावला तर रक्त थांबता थांबत नाही. कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात. टिप्याच्या पहिल्या अहवालात ८४ हजार होत्या. वरून खेळत-बागडत होता, ताप नाही, काही नाही. डॉक्टरांनी काचपट्टीवर रक्त पुन्हा पाहिलं (यंत्र कधीकधी चिकटलेल्या प्लेटलेट कमी मोजतं), गोचीडतापाची चाचणी केली, ती निघाली. सुजेसाठी औषधं सुरू केली, डॉक्सीसायक्लीनचा २८ दिवसांचा कोर्स दिला आणि दातांचं काम महिनाभर पुढे ढकललं. पार्लरच्या टेबलावर त्याची हिरडी फाटली असती तर काय झालं असतं, हा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. फिटची, हृदयाची, सांधेदुखीची, आयुर्वेदिक असली तरीही. त्या दिवशी सकाळी कोणती द्यायची, कोणती नाही, ते तेच ठरवतील. पग, पर्शियन अशी चपट्या नाकाची जनावरं असतील तर आधीच विचारा की शुद्धीवर येताना नळी उशिरा काढणार ना. त्यांचा घसा अरुंद असतो.

आदली रात्र आणि सकाळ

मोठ्या, निरोगी जनावराला साधारण सहा ते आठ तास उपाशी ठेवायला सांगतात. नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांचा. पाणी सहसा निघेपर्यंत चालतं. पिल्लं, अगदी किरकोळ वजनाची कुत्री आणि मधुमेही जनावरं यांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, साखर उतरते. त्यांच्यासाठी वेगळी सूचना मागून घ्या.

घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे पहाटे आजोबांनी टिप्याला सवयीने ग्लुकोज बिस्कीट दिलं आणि सकाळची वेळ दुपारी गेली. उपाशीपोटी आणायला सांगतात कारण भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. लपवलं तर आपलंच जनावर धोक्यात.

निघण्याआधी फिरवून आणा. मांजराला दोन दिवस आधीपासून पिंजरा घरात उघडा ठेवून त्यात झोपायची सवय लावा. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी एक ओळ वाचा: गरज पडली तर दात काढायला आधीच परवानगी, की फोन करून विचारणार? मी "फोन करा" लिहिते आणि दिवसभर फोन हातातून सोडत नाही. भुलेखाली जनावर पडलेलं असताना फोन न लागणं ही फार वाईट गोष्ट.

टेबलावर

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी काचेबाहेर उभं राहून बघू दिलं, म्हणून हा भाग डोळ्यांनी पाहिलेला आहे.

आधी शांत करणारं इंजेक्शन, पायावरचे केस कापून शिरेत कॅन्युला (सलाईनची बारीक नळी), सलाईन चालू. मग शिरेतून भूल, काही सेकंदांत टिप्या डॉक्टरांच्या हातावर लुळा. जीभ ओढून नळी घातली, फुगा भरला, गॅस जोडला. डोळ्यांत मलम, कारण भुलेत पापणी मिटत नाही आणि बुबुळ कोरडं पडतं. अंगाखाली गरम चादर. छोटं अंग, त्यात ओलं तोंड, तापमान झपाट्याने उतरतं. घशात गॉजचा बोळा ठेवला आणि मदतनीस ताईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बोळा १'. काम संपल्यावर तो राहून जाऊ नये म्हणून.

तोंड क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने धुतलं. जाड कीटण चिमट्याने फोडून काढलं, मग यंत्र. यंत्राचं टोक इतक्या वेगाने थरथरतं की ते तापतं, म्हणून पाणी सतत हवं आणि एका दातावर सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, नाहीतर आतली नस भाजते. डॉक्टर एका दातावरून दुसऱ्यावर जात होते, मग परत पहिल्यावर. ते यंत्र बंद झालं तेव्हा मला वाटलं, झालं. खरं काम तेव्हा सुरू झालं.

बारीक दांडीची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई घेऊन त्यांनी प्रत्येक दाताभोवती चार-सहा ठिकाणी खाच मोजली. मदतनीस ताई आकडे लिहीत होत्या. "दोन, दोन, तीन, दोन." पहिल्या खेपेला सुजेच्या दाढेवर हीच सळई सात मिलिमीटर आत गेली होती, त्याचा फोटो डॉक्टरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. पांढराशुभ्र दात, आणि त्याच्या कडेने सळई अर्ध्याहून जास्त गायब. मी तो फोटो अजून ठेवला आहे.

मोजून झाल्यावर हिरडीखालचं कीटण हाताच्या हत्याराने खरवडतात. सबंध कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग, आणि बाहेरून अजिबात न दिसणारा. मग पॉलिश. रबरी वाटी मंद फिरवून पेस्टने प्रत्येक दात दोन-चार सेकंद गुळगुळीत करतात, कारण यंत्राचेही सूक्ष्म ओरखडे राहतात. पॉलिश न करणाऱ्याने काम अर्धवट सोडलं असं समजा. शेवटी खाचा पाण्याने धुवून पेस्ट काढायची, बोळा काढायचा, फळ्यावरची ओळ पुसायची.

मांजराच्या बाबतीत दोन गोष्टी मुद्दाम विचारून ठेवा. तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा वापरता का? जबडा फार ताणला की मांजराच्या मेंदूकडे जाणारं रक्त अडतं आणि शुद्धीवर आल्यावर अंधत्व आल्याची उदाहरणं आहेत, म्हणून तो टाळतात. आणि कुशीवरून वळवताना नळी गॅसच्या पाइपपासून सोडवता ना? मांजराची श्वासनलिका नाजूक, पिळ बसला तर फाटते.

सगळ्याला पाऊण तास ते दोन तास लागतात, दात काढायचे असतील तर त्याहून जास्त. घरी जाताना दातांचा तक्ता मागून घ्या. त्यात दातांना तीन आकडी क्रमांक असतात. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. पुढचे दोन मधल्या पटाशीच्या दातापासून मोजलेले. सुळे म्हणजे ०४. टिप्याच्या तक्त्यावर १०८ वर फुली आहे. वरची उजवी कातरदाढ, म्हणजे मांस कातरायची मोठी दाढ. डोळ्याखालची सूज तिचीच.

दात काढावा लागला तर

कातरदाढेला तीन मुळं. ती उपटत नाहीत. हिरडीची झडप उचलून, दाताचे तीन तुकडे करून, एकेक मूळ सैल करून काढतात आणि विरघळणाऱ्या टाक्यांनी झडप शिवतात. त्याआधी नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन देतात. ते द्यायला सांगा. भूल असली तरी त्याने गॅस कमी लागतो आणि उठल्यावरचं दुखणं सुसह्य होतं. नंतर मुळाचा तुकडा राहिला नाही ना, हे एक्स-रेवर बघायचं. छोट्या जातीचा खालचा जबडा हाड झिजून काडीसारखा झालेला असतो, तिथे घाई करणाऱ्याच्या हातून तो मोडू शकतो.

मांजरात दात मुळापासून विरघळत जाण्याचा एक आजार नेहमी आढळतो. वरून हिरडीचा लाल ठिपका दातावर चढलेला दिसतो, आत दात पोखरलेला. मनीचे तीन दात तसे निघाले. काढले, आणि पंधरा दिवसांत ती कोरडं खाणं कुरुमकुरुम खायला लागली. दात कमी झाल्याने जनावर उपाशी राहत नाही. दुखरा दात तोंडात ठेवणं जास्त वाईट.

सरसकट प्रत्येकाला अँटिबायोटिकची गरज नसते. दिलं तर कशासाठी ते विचारा. आणि सफाई न करता दर दोन महिन्यांनी वासासाठी अँटिबायोटिकचा कोर्स चाललेला असेल तर तो थांबवून दाताकडेच जा.

घरी आणल्यावर

पहिली रात्र झिंगलेली जाते. जिना, गच्ची, उंच दिवाण यांपासून लांब, उबदार जागी जमिनीवर ठेवा. पूर्ण शुद्ध आल्यावर आधी थोडं पाणी, मग थोडं मऊ खाणं. टिप्याला मऊ दही-भात दिला, मीठ-फोडणीशिवाय. लाळेत फिकट गुलाबी रंग एक-दोन दिवस, नळीमुळे हलका खोकला तेवढाच, हे चालतं. थेंब थेंब लाल रक्त गळत राहणं, हिरडी पांढरी पडणं, धाप, चोवीस तासांनंतरही काही न खाणं, चेहऱ्यावर सूज, यात वाट न बघता फोन करा. रात्री कोणाला करायचा तो नंबर निघतानाच घेतलेला असू द्या.

वेदनाशामक डॉक्टरांनी लिहिलेलंच. घरातलं पॅरासिटामॉल मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते, आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड जाळतं. लवंग तेल लावू नका. आपल्या दाढेला गुण येतो म्हणून त्यांनाही येईल असं नाही, मांजराला तर त्याची विषबाधा होते. टाके असतील तर साधारण दोन आठवडे मऊ खाणं आणि दोरी ओढायचे खेळ बंद. टाके काही आठवड्यांत आपले आपण जातात.

त्यानंतरचा ब्रश

सफाईनंतर काही तासांतच नवा थर धरायला लागतो, हे वर आलंच आहे. हिरडी शांत झाली की ब्रश सुरू करा. दात काढले असतील तर डॉक्टर सांगतील तेव्हा.

माणसांची पेस्ट नको. ती ते गिळतात, त्यातलं फ्लोराइड पोटात जातं, आणि काहींत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं जे कुत्र्यांना विषारी आहे. प्राण्यांची पेस्ट चिकनच्या चवीची मिळते. पहिला आठवडा नुसतं बोटाला लावून चाटू द्या. दुसऱ्यात बोट ओठाखाली घाला, मग बोटावर ओला कापड, मग लहान मुलांचा मऊ ब्रश. तोंड उघडायची गरजच नाही. ओठाखालून बाहेरची बाजू, हिरडीच्या कडेला तिरका धरून, एका बाजूला अर्धा मिनिट. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. रोज जमलं तर उत्तम, दिवसाआड तरी हवंच. आठवड्यातून एकदा म्हणजे कीटण कडक झाल्यावर त्यावरून ब्रश फिरवण्यासारखं.

चघळायच्या वस्तू घेताना व्हीओएचसीचा शिक्का बघा. पशुदंत क्षेत्रातल्या तज्ज्ञांची ही समिती चाचण्यांचे निकाल तपासूनच तो देते. आणि कडक वस्तू टाळा: खूर, शिंग, याकच्या दुधाची दगडासारखी छुरपी, रविवारच्या मटणाची नळी. नखाने दाबून खूण उमटत नसेल तर ती वस्तू दातापेक्षा कडक समजा. कातरदाढेचा कपचा याच गोष्टींनी उडतो.

सहा महिन्यांनी ओठ उचलून तपासून घ्यायला मी टिप्याला नेते. पुढची भूल कधी, ते त्यावर ठरतं, कॅलेंडरवर नाही. परवाच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, डावीकडे तुमचा हात पोचत नाही वाटतं, उजवीकडे छान आहे. मी उजव्या हाताने घासते आणि टिप्याला नेहमी एकाच बाजूने मांडीवर घेते. आता एक दिवसाआड त्याला उलट्या तोंडाने बसवते. त्याला ते मुळीच पटलेलं नाही, पेस्ट मात्र सगळी चाटतो.